वैशाखात बिनपानाची काठी फुलली, श्रावणात बिनफुलाची पानं आली. ही दोन झाडं कोणती?

आखाड्यावरची (अहमदपूर तालुका, जि. लातूर)

नमस्कार. दोन झाडांची ओळख हवी आहे. फोटो धड आलेले नाहीत म्हणून शब्दांत सांगते. जागाही सांगते, कारण जागा कळल्याशिवाय ओळख पटायची नाही असं मला वाटतं.

गेल्या दिवाळीत आम्ही गावातलं घर धाकट्या दिराला सोडलं आणि आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरी, राहायला आलो. बालाघाटचा माळ आहे. घरासमोर काळी जमीन, सोयाबीन आणि तुरीची. घरामागं उतार लागतो तो सगळा मुरूम, तिथं नांगर कधी चालला नाही. हिवराची दोन झाडं, बोरीच्या जाळ्या, तरवडाची झुडपं आणि मधेमधे उघडे पडलेले दगड. घरात सगळे त्याला 'पडीक' म्हणतात. पहिला महिनाभर मीही म्हणायचे.

मी वाढले लातूर शहरात, त्यामुळं झाडांची नावं मला फारशी येत नव्हती. सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, सगळी येतात. पण त्या विचारल्याशिवाय सांगत नाहीत, आणि विचारायचं तर ते झाड आधी नजरेला पडावं लागतं. म्हणून लेकीची अर्धी कोरी राहिलेली वही घेतली आणि दर रविवारी एकच फेरी धरली. घरामागून उतारावर, वर काळ्या दगडापर्यंत, तिथून विहीर, विहिरीवरून बांधानं परत. दिसेल ते लिहायचं, नाव माहीत असो वा नसो.

पहिली नोंद दीपमाळेची झाली. विहिरीच्या कडेला डोक्याइतक्या उंच, वाळत आलेल्या काठ्या. त्यांवर थोड्याथोड्या अंतरानं काटेरी गोंडे, आणि शेंड्याच्या एकदोन गोंड्यांत अजून नारिंगी फुलं. देवळापुढच्या दगडी दीपमाळेवरून हे नाव पडलं, हे पाहिल्याबरोबर कळलं. गोंड्यावर एक काळा-जांभळा शिंजीर बसून फुलात चोच घालत होता आणि काठी त्याच्या वजनानं हलतही नव्हती.

मग येळवस आली. आमच्या लातूर-धाराशिवकडं या सणाला अख्खं गाव रानात असतं. कडब्याची कोप, कोपीत पांडव, भज्जी आणि आंबील. त्या दिवशी आत्यांनी बांधावरून एक पाला खुडून आणला, नुसता झटकला आणि कच्चाच भाकरीबरोबर माझ्या हातावर ठेवला. पाथरी. माझ्या वहीत ती तीन आठवडे 'जमिनीला चिकटलेली पानं, पिवळं फूल' एवढ्याच नावानं पडून होती. चव किंचित कडवट, आणि तिखटाच्या गोळ्याबरोबर फार चांगली लागते.

पौषात सगळं वाळत असताना रिंगणी फुलली. जांभळं फूल, मधे पिवळे पुंकेसर, पानाच्या दोन्ही अंगांना काटे. फळ आधी हिरव्या-पांढऱ्या रेघांचं, गोटीएवढं कलिंगडच जणू, मग पिवळं धमक. फाल्गुनात पळस फुलला. पळसावर सगळेच लिहितात, मी वहीत एक ओळ लिहिली. चैत्रात तर वही जवळजवळ कोरी गेली.

आता मुख्य प्रश्न. मेच्या दुसऱ्या आठवड्यातली नोंद जशी आहे तशी देते:

'काळ्या दगडाच्या उगवतीला दोन पावलं. कोरड्या मुरमातून सरळ वर आलेली काठी, करंगळीहून बारीक, माझ्या गुडघ्याच्या वर. पान एकही नाही, बुडाशीही नाही. काठीच्या वरच्या अर्ध्या भागात लांब बारीक देठांवर खाली मान घातलेल्या कळ्या, एकमेकींपासून दूर दूर. रंग मळकट, पांढराही नाही आणि तपकिरीही नाही. अशा सात काठ्या.'

सकाळी गेले तेव्हा सगळ्या कळ्या मिटलेल्या. मला वाटलं वाळून चालल्यात. संध्याकाळी शेळी शोधायला वर गेले, दिवस मावळला होता. पाहते तर खालच्या चार कळ्या उमललेल्या. सहा पाकळ्या, मागं वळलेल्या, प्रत्येकीच्या पाठीवर मधोमध हिरवट रेघ. मी मुरमातच बसून राहिले. तापलेली जमीन अजून वाफ टाकत होती, दोन महिन्यांत पाण्याचा थेंब पडला नव्हता, आणि ही काठी फुलली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ती चारही फुलं मान टाकून कोमेजलेली.

मिरगाचा पाऊस पडला आणि वही पुरेना. आधी तरोटा, मग आघाडा, केना, कुरडू. बोरीच्या जाळीतून कळलावी वर आली. तिच्या पानाचं टोक बारीक होत होत पुढं दोऱ्यासारखं वळतं आणि काटेरी फांदीला दोन वेढे घालतं. एका पानानं तर कुंपणाची तार धरली होती, ती मी सोडवून पाहिली. टोक सरळ झालं नाही, स्प्रिंगसारखं तसंच राहिलं. फूल आधी हिरवट-पिवळं होतं, चार दिवसांनी तेच फूल टोकापासून लाल झालं.

श्रावणातली नोंद: 'काळ्या दगडाजवळ कांद्याच्या पातीसारखी पानं. पात पोकळ असते, ही चपटी आहेत. चुरगळली तर कांद्याचा वास नाही. फूल नाही. पाच-सहा ठिकाणी जुड्या.' कोणी तिथं काही लावलेलं नाही. हेही कोणतं झाड ते कळेना.

घाई यासाठी की सोयाबीन निघायच्या आत त्याच उतारावर पत्र्याचं शेड करायचं ठरलं आहे. महालक्ष्म्या उठल्या की जेसीबी येणार, दगड काढून जागा सपाट होणार. त्या सात काठ्या पुन्हा यायच्या असतील तर त्या मुरमाखाली काहीतरी जिवंत आहे. ते कुठं हलवता येतं का? आणि ही पानांची जुडी काय आहे?

एक छोटा प्रश्न राहिला. केना उपटला तर मुळांजवळ मातीत पांढऱ्या बारीक देठांवर फिकट कळ्या निघाल्या. तीन झाडं उपटली, तिन्हींना होत्या. रोग आहे का?

---

माळरान (अंबाजोगाई)

ताई, उत्तर तुमच्याच वहीत आहे. मेची नोंद आणि श्रावणाची नोंद शेजारी ठेवून वाचा. पहिलीत काळा दगड आहे, दुसरीतही काळा दगडच आहे.

ही दोन झाडं नाहीत. एकच आहे, रानकांदा. कोणी कोळकांदाही म्हणतात. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका, शतावरीच्या कुळातला. पावसाळ्यात पानं येतात, ती अन्न तयार करून जमिनीखालच्या कांद्यात साठवतात आणि नंतर पिवळी पडून जातात. पुढं हिवाळा-उन्हाळा वर काही दिसत नाही. मग पावसाच्या महिनाभर आधी कांदा साठवलेल्या अन्नावर नुसती फुलाची काठी वर काढतो. तुम्हाला ती कोरड्या मुरमात फुललेली दिसली, तिचं पाणी मागच्या श्रावणातलं. फुलं संध्याकाळनंतर उमलतात, सकाळपर्यंत आटोपतात. फुलांनंतर तीन धारांचं बोंड धरतं, आत काळं चपटं बी असतं, आणि ते पिकून पडेपर्यंत पाऊस आलेला असतो. बी कोरड्यात पडून राहायला नको म्हणून हा सगळा खटाटोप पावसाच्या तोंडावर.

मी गेली बारा-तेरा वर्षं बालाघाटात फिरतोय. सुरुवातीला मीही याच्या दोन नोंदी ठेवल्या होत्या. लोक माळावर पावसाळ्यात फिरायला येतात, मेमध्ये कोणी येत नाही. त्यामुळं काठी पाहणारा पानं पाहत नाही आणि पानं पाहणारा काठी.

खात्री करायची असेल तर एका जुडीची एका बाजूची माती खुरप्यानं हळू उकरा, वीतभर तरी जावं लागेल. पांढरट, पाकळ्यापाकळ्यांचा कांदा लागेल. पण हातात पिशवी घाला. रसानं खाज सुटते. आणि हा कांदा विषारी आहे, हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं आहेत त्यात. भूमध्य समुद्राकाठच्या याच्या भावंडाचा वापर उंदीर मारायला होत आला आहे. घरात लहान मूल असेल तर उकरलेला कांदा उघडा टाकू नका.

केन्याला रोग नाही. त्या कळ्या म्हणजे त्याची दुसरी फुलं. वर निळी फुलं माश्यांसाठी उमलतात, खाली मातीतली कधीच उमलत नाहीत, मिटल्या मिटल्याच स्वतःचं बी धरतात. वरचं झाड गुरानं खाल्लं तरी खालचं बी जागेवर राहतं. हे आपलं आपण उपटून पाहिलं म्हणून दिसलं तुम्हाला. मी आधी पुस्तकात वाचलं, मग शोधलं.

हलवण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शेड हलवा.

---

काळी_माती (परभणी जिल्हा)

शेड हलवा म्हणणं सोपं आहे दादा. सोयाबीन काढून ढीग घातला आणि परतीचा पाऊस आला तर काय होतं ते ज्याचं भिजलंय त्याला विचारा. दाणा काळा पडतो आणि बाजारात वर्षाचं गणित बिघडतं. ताईंच्या घरच्यांनी शेड ठरवलं ते बरोबर आहे.

पण उतारावरच कशाला, हे मी विचारेन. उतार सपाट करायचा म्हणजे वरच्या अंगाला खोदायचं आणि खाली भराव घालायचा. वरून येणारं पाणी खोदलेल्या बाजूला थटतं आणि शेडमध्ये शिरतं. आमच्या भावकीत असं झालेलं आहे, नंतर चर काढत बसावं लागलं. त्यापेक्षा उताराला आडवं, लांबट आणि अरुंद शेड घ्या. खोदाई निम्म्यावर येते. मग किती कांदे सापडतात ते मोजा. सगळे सात मधे येतील असं मला वाटत नाही.

जे येतील ते ढेकळासकट काढा. चांगला पाऊस होऊन एक दिवस उघडीप मिळाली की मुरूम मऊ असतो. जुडीपासून वीतभर लांबून गोल कुदळ मारायची, कांद्याच्या खालून उचलायचं, पानं तोडायची नाहीत. जिथं ठेवायचं तिथं आधीच खड्डा तयार पाहिजे, आणि मुरमातच पाहिजे. काळ्या मातीत लावाल तर पाणी धरून कांदा सडेल. खरं तर पानं वाळल्यावर काढणं केव्हाही चांगलं, पण तुमच्याकडं तेवढा वेळ नाही.

केन्याबद्दल माझं वेगळं मत आहे. ताईंना त्याचं निळं फूल आवडतं, आवडू द्या, बांधावर असेल तोवर माझंही काही म्हणणं नाही. पण सोयाबीनमध्ये त्यानं आम्हाला नकोसं केलं आहे. खुरपून चिखलात टाकला तर कांडीकांडीला मुळं फुटून पुन्हा उभा राहतो. आता कळलं की मातीतही बी धरतो. तण आणि रानफूल हा फरक जागेचा आहे. तोच केना बांधावर गुरांचा चारा असतो.

गाजरगवत मात्र कुठंही दिसलं तरी फुलाआधी उपटा, त्याबाबत दयामाया नको. 1955च्या सुमारास पुण्याकडं पहिल्यांदा दिसलं, आणि आज एक पडीक तुकडा दाखवा जिथं ते नाही. तुमच्या उतारावर अजून तरवड, कळलावी, रानकांदा टिकलेत त्याचं कारण तिथं कोणी माती हलवली नाही. जेसीबी फिरला, माती उलटली की त्या उघड्या मातीवर पहिला मान गाजरगवताचा. शेडभोवती पुढची दोन वर्षं लक्ष ठेवा. आणि ते काढायला बांधावर तणनाशक मारू नका, हातानं उपटा, हातात काही घालून. फवाऱ्यानं गाजरगवत तर जळतंच, बरोबर पाथरीही जाते.

---

मोठीआई (परळी)

पोरी, तुझं वाचून मला माझं माहेर आठवलं. नातीला सांगून लिहून घ्यायले.

तू कळलावीच्या पानाशी खेळलीस ते ठीक, पण तिच्या मुळीला हात लावू नको. खड्यानाग म्हणतो आम्ही तिला. मुळी नांगराच्या फाळासारखी वाकडी असते, आणि रताळ्यासारखी दिसते म्हणून घात होतो. आमच्या लहानपणी बाळंतपणात कळा याव्यात म्हणून ती उगाळून लावायच्या, त्यावरूनच कळलावी. तसलं काही कोणी करू नये आता. ती जहर आहे. लेकराबाळांना फूल दाखव, मुळी दाखवू नको.

तू तरोट्याचं एका शब्दात आटोपलंस. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जात होते, रोजगार हमीच्या कामावर. सरकारकडून लाल मिलो मिळायची, सुकडी मिळायची. भाकरी मिलोची आणि कालवण काय, तर पाऊस शिंपडल्यावर उगवलेला तरोटा. दोन-चार पानांचा असतानाच खुडायचा, मोठा झाला की उग्र लागतो. उकडून पाणी पिळून टाकायचं, मग लसूण आणि थोडी भिजलेली हरभऱ्याची डाळ. तेव्हा डाळ नव्हती, नुसतं मीठ. आता हौसेनं करते तर सुना डाळ घालून करतात आणि छान झाली म्हणतात. मला मात्र पहिल्या घासाला तो खडीचा माळच दिसतो.

कुरडूचा कोवळा पालाही खातात, पण कणीस यायच्या आधी. आघाडा तर तुला ठाऊक असेल. श्रावणात जिवतीला आघाडा आणि दुर्वांची माळ लागते, त्यासाठी बांधावरचा थोडा राखून ठेव. हल्ली बाजारात आघाड्याची जुडी विकत मिळते. मला ते बघवत नाही.

तुझ्या आत्याबाईंना विचार, त्या काठीबद्दल त्यांना काहीतरी ठाऊक असणारच.

---

सीमेवरचा मास्तर (देगलूर तालुका, जि. नांदेड)

तरवडावर कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्या गावाच्या पुढं तेलंगण सुरू होतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण सगळे एकाच निजामी राज्यात होतो. नंतर राज्यांच्या सीमा आखल्या, पण माळावरच्या झुडपांना त्या कळल्या नाहीत. तुमचा तरवड तोच तिकडचा तंगेडु, आणि तंगेडुचं फूल हे तेलंगणाचं राज्यपुष्प आहे. माझ्या घरच्यांचं माहेर सीमेपलीकडचं. सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस तिकडं बतुकम्मा असते. बायका पितळी ताटात फुलांचा थरावर थर रचून उतरता मनोरा करतात, भोवती फेर धरून गाणी म्हणतात आणि शेवटी ती फुलं तळ्यात सोडतात. त्या मनोऱ्यात पिवळा थर तरवडाचा असतो आणि पांढरा-गुलाबी थर गुनुगुचा. गुनुगु म्हणजे आपला कुरडू. ताई, तुमच्या उतारावरची ही दोन फुलं तिकडं देवी होतात. इकडं एकाला आपण पडीकातलं झुडूप म्हणतो आणि दुसरं खुरपून टाकतो.

आमच्या घरी लग्नानंतरच्या पहिल्या भाद्रपदात हिनं मला विचारलं, तुमच्याकडं तंगेडु कुठं मिळतो? मी म्हणालो असलं झाड आमच्याकडं नाही. ती दुसऱ्या दिवशी शाळेमागच्या माळावरून ओटीभर घेऊन आली. मी त्या माळावरून रोज जात होतो.

तरवडाची साल पूर्वी कातडी कमवायला वापरत. चर्मकार बांधवांच्या घरामागं सालींचे भारे पडलेले मी लहानपणी पाहिले आहेत. गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत, म्हणून चराऊ माळावर तोच उरतो. शेडसाठी जागा साफ करताना तरवड तोडलाच तर बुडखा खणू नका. बुडातून पुन्हा फुटतो.

---

आखाड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस सलग पाऊस होता, आज उघडलं म्हणून लिहिते.

माळरान दादा, तुम्ही सांगितल्याप्रमाणं हातात प्लास्टिकची पिशवी घालून एका जुडीची माती उकरली. वीतभर खाली कांदा लागला, मोठ्या लिंबापेक्षा थोडा मोठा, वरचं साल मळकट आणि आत पांढरा. आणि त्याच्या शेंड्याशी, नव्या पानांच्या शेजारी, सुतळीएवढा वाळलेला बुडखा चिकटलेला होता. तो वर मातीबाहेर जेमतेम बोटभर आला होता, त्यावर पावसानं चिखल उडालेला. मेमधल्या काठीचा बुडखा. मी श्रावणात तिथं वाकून पानं चुरगळून पाहिली होती, वास घेतला होता, आणि पानांच्या मधोमध असलेला हा बुडखा मला दिसला नव्हता. माती परत घालून हातानं दाबली.

काकू, तुमचं ऐकून आत्यांना विचारलं. त्या चुलीपुढं होत्या. म्हणाल्या, "ती काठी व्हय? आगं, आमचा बा ती दिसली की कणगीतलं बी बाहेर काढून उन्हात घालायचा. पेरणी जवळ आली म्हणायचा." मी म्हटलं, मी इतके महिने वही घेऊन फिरायले, तुम्ही सांगितलं का नाही? त्या म्हणाल्या, "तू काठीचं कुठं इचारलीस, तू पानाचं इचारलीस." खरं आहे. पानांबद्दल विचारलं तेव्हा त्या 'रानातलं काहीबाही आसंल' म्हणाल्या होत्या, कारण पानं त्यांनी कधी निरखली नव्हती. त्यांच्या वडिलांना काठीशी काम होतं.

काळी_माती दादा, तुमचा निरोप यांना जसाच्या तसा वाचून दाखवला. झाडांबद्दलचं त्यांनी शांतपणे ऐकलं. पाणी शेडमध्ये शिरेल म्हटल्यावर मात्र टेप घेऊन लगेच उतारावर गेले. आडवं, लांबट शेड घ्यायचं ठरलं. सात काठ्यांच्या जागी मी तुराट्या रोवल्या आणि त्यांना आत्यांच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या. पाच बाहेर राहिल्या, दोन मधे आल्या. त्या दोन उद्या सकाळी काढू. हिवराखाली मुरमात खड्डे तयार आहेत.

मास्तर, तरवड आता कळ्यांवर आहे. तुम्ही लिहिलेलं मी लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणाली आपणही ताट रचू. पितरं संपली की रचू.

---

माळरान (अंबाजोगाई)

बुडखा पाहिलात हे फार चांगलं झालं. माझ्याकडं त्याचा फोटो नाही. हलवलेल्या कांद्यांना या वर्षी पाणी घालू नका, पाऊस पुरेसा आहे. पानं लवकर पिवळी पडली तर घाबरू नका, मुळं दुखावल्यावर तसं होतं. आणि पुढच्या मेमध्ये पहिली काठी दिसेल ती तारीख लिहून ठेवाल का? माझ्याकडं अंबाजोगाईच्या सात वर्षांच्या तारखा आहेत, अहमदपूरची एकही नाही.

---

आखाड्यावरची (कार्तिकात)

हा धागा वर आणते, कळवायचं राहिलं होतं.

शेड झालं, सोयाबीन कोरडं घरात आलं. जेसीबीवाल्या पोराला लुगड्याच्या चिंध्या दाखवून सांगितलं होतं, त्यानं त्या पाचही जपल्या. उलट विचारलं की खाली काय पुरलंय. दोन हलवलेल्यांपैकी एकाचं ढेकूळ वाटेत फुटलं आणि कांदा उघडा पडला, तो तसाच लावावा लागला. त्याची पानं नवरात्रातच पिवळी पडली. दुसऱ्याची दसऱ्यानंतर. न हलवलेल्या पाचांची मात्र दिवाळीपर्यंत हिरवी होती, या आठवड्यात टोकाकडून वाळायला लागलीत.

शेडच्या वरच्या अंगाला, जिथं माती उलटली तिथं, गाजरगवताची रोपं आलीच. काळी_माती दादांनी सांगितलं तस्संच. मी आणि आत्यांनी दोन वेळा उपटली. तिसऱ्यांदा यांनीही हात लावला.

ताट रचलं. लेकीनं तरवड आणि कुरडू आणला, झेंडू दारचा होता. आम्हाला गाणी येत नाहीत, आत्यांनी भोंडल्याची म्हटली. फुलं विहिरीत सोडू नका म्हणाल्या, पिण्याचं पाणी आहे, म्हणून ओढ्यात सोडली.

दीपमाळ पुन्हा फुलली आहे, या वर्षी अगदी खालच्या गोंड्यापासून पाहायला मिळाली. जुनी वही संपली, नवी दोनशे पानी आणली आहे. तिच्या पहिल्या पानावर उताराचा नकाशा काढलाय, काळा दगड, हिवर, शेड आणि सात खुणा. तुराट्या उन्हाळ्यापर्यंत टिकायच्या नाहीत, म्हणून प्रत्येकीच्या बुडाशी एक एक दगड ठेवला. माळरान दादा, पहिली काठी वर आली की तारीख इथंच लिहीन, हलवलेल्या दोन आणि जागच्या पाच वेगवेगळ्या.